खिळ्याला झालेली कावीळ

"आली, आली, आली. कपाळ सोडलं, नाक सोडलं, हनुवटी सोडली आन् पडली गळ्यात. टाळ्या होऊ द्या मंडळी, घाटघरच्या मावशींची माळ गळ्यात."

टाळ्या पडल्या. घाटघरच्या मावशी लाजल्या. गळ्यातली काड्यांची माळ त्यांनी नव्या दागिन्यासारखी नीट केली आणि शेजारणीकडं बघून घेतलं, कारण शेजारणीची अजून नाकावरच अडकली होती.

डिंगोऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून भागू म्हाराजांची पत्र्याची शेड होती. गुरुवार उजाडला की तिथं मोटारसायकली, जीपगाड्या आणि पिकअप यांची अशी दाटी व्हायची की एसटीवाला हॉर्नवरचा हात काढायचा नाही. आत पिवळ्या डोळ्यांची माणसं, त्यांच्या आया, बायका, लेकरं. म्हाराज प्रत्येकाच्या डोक्यावर हिरव्या ओल्या काड्यांची, दोऱ्यात गाठवलेली एक माळ ठेवायचे. पहिल्या दिवशी ती टोपीच्या काठासारखी घट्ट बसायची. मग रोज थोडी थोडी वाढायची. कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, छातीवरून कमरेला. पायापर्यंत पोचली की माणसानं तिच्यातून बाहेर पाऊल टाकायचं आणि माळ नदीत सोडायची. माळ रोग खाते म्हणून वाढते, असं म्हाराजांचं सांगणं. आणि वाढते हे तर कुणीही डोळ्यांनी बघावं.

हे भागू म्हाराज पूर्वी बैलगाडा शर्यतीत माईकवर बोलायचे. शर्यतींवर बंदी आली तेव्हा त्यांच्याकडं माईक राहिला, बैल राहिले नाहीत. पुढं बंदी उठली. पण तोवर त्यांना कळून चुकलं होतं की माणसं बैलांपेक्षा जोरात पळतात आणि त्यांना वैरणही घालावी लागत नाही. त्या दिवशी ज्याची माळ सगळ्यांत लांब भरेल त्याला ते शर्यत जिंकलेल्या जोडीसारखा 'घाटाचा राजा' म्हणून नारळ द्यायचे.

शेडच्या खांबाला टेकून वारूळवाडीचा चांगदेव हे सगळं ऐकत होता. त्याला यायचं नव्हतं. थोरली बहीण लंकाबाई घेऊन आली होती, आणि लंकाबाईपुढं त्याचं आयुष्यात कधी चाललं नव्हतं. दोघांच्या मधे त्याची लेक तेजस्विनी उभी होती. आठवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आली होती. माहेरात आई नव्हती. चांगदेवाची बायको प्रयागबाई जाऊन वर्ष होत आलं होतं.

"कुणाची लेक?" म्हाराजांनी विचारलं.

"प्रयागची," लंकाबाई म्हणाली. "गेल्या साली हितंच माळ घातली व्हती तिला. कमरेपर्यंत आली माळ, आन् बाई गेली."

"आठवलं. बारी अर्ध्यातच राह्यली, निशाणापर्यंत गेलीच न्हाई. तिची आई कशानं गेली?"

"पोट फुगून. प्रयागचा भाऊबी तसाच. आन् आता हिच्या रक्तात तेच निघालंय. हिच्या भावाच्याबी, गोरखच्या."

"मग माळेचा काय दोष?" म्हाराज माईककडं वळले. "ऐका मंडळी. आजीकडनं आईला, आईकडनं लेकीला. शाप पोटातनं पोटात पळतोय. जुनी जोडी हाय, एका दमात घाट चढणारी. पण आपणबी कासरा सोडणार न्हाई."

त्यांनी तेजस्विनीच्या डोक्यावर माळ ठेवली आणि माईक बाजूला धरला. "एक पथ्य. माळ अंगावर हाय तवर सुई लागायची न्हाई. सुईनं शाप रक्तात शिवला जातो. लेकरालाबी सव्वा महिना सुई दावायची न्हाई."

"दवाखान्यात टोचत्यात, म्हाराज," तेजस्विनी हळूच म्हणाली.

"मग दवाखान्यात जायचंच कशाला? आत्या हाय की."

आत्यानं पदर खोचला. ती 'सुई' चांगदेवाच्या डोक्यात रुतून बसली.

कारण त्याच सुईसाठी डॉक्टर चेतना त्याला बोलावत होती. नारायणगावात मदनलाल शेठचं कापडाचं दुकान, त्यावर त्यांचं घर, आणि बाजूच्या दोन खोल्यांत त्यांच्या या मुलीचा दवाखाना. तेजस्विनीचं रक्त तिनंच तपासलं होतं. दुसऱ्या दिवशी तिघं तिच्यासमोर बसली. तेजस्विनीच्या कपाळावर माळ होती. चेतनानं तिच्याकडं पाहिलं आणि आधी तिचा रक्तदाब घेतला. मग म्हणाली, "आत्याबाई, तुमचं अर्धं खरं आहे."

लंकाबाई भांडायच्या तयारीनं आली होती. ती गडबडली.

"पोटातनं पोटात जातो हे खरं. फक्त शाप नाही, विषाणू आहे. हिपॅटायटिस बी. बाळ जन्मताना आईच्या रक्तातनं बाळात जातो. इतक्या कोवळ्या शरीराला हा परका आहे हे ओळखू येत नाही, मग तो लिव्हरमधे मुक्काम ठोकतो. वीस, तीस, चाळीस वर्षं नुसता बसून राहतो. दुखत नाही, खुपत नाही. दिसायला लागतो तेव्हा लिव्हर खराब झालेलं असतं. प्रयागकाकूंचं तेच झालं."

"आन् आता हिचं?" चांगदेवानं विचारलं.

"हिच्यावर आणि गोरखवर लक्ष ठेवू. औषध लागलं तर देऊ, ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. रोग पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही, पण त्याला दाबून ठेवता येतं. जावईबापूंना तपासून लस देऊ. आणि बाळाला जन्मल्याबरोबर दोन टोचण्या. एक लस, आणि एक विषाणूशी लगेच लढणाऱ्या तयार ताकदीची. पहिल्या काही तासांत टोचायच्या, मग पुढचे डोस वेळेवर. बहुतेक बाळं सुटतात."

"सुई," लंकाबाई म्हणाली.

"सुईच."

"म्हाराज न्हाई म्हणत्यात. बाई, आमी काळजी घेतो. हिचं ताट, पेला सगळं येगळं ठेवलंय मी."

"ते कशाला? ताटानं नाही जात, पाण्यानं नाही, जवळ बसल्यानं नाही. रक्तानं जातो. ब्लेड, वस्तरा, कुणाला टोचलेली सुई, नवरा-बायकोचा संबंध. काकूंच्या दहाव्याला किती डोकी केली एका वस्तऱ्यानं?"

"सगळ्या भावकीची," चांगदेव म्हणाला.

"बघा. ताट वेगळं आणि वस्तरा एक. ते तेवढं उलटं करा."

चांगदेवाचं रक्तही तिनं तपासलं होतं. त्यात विषाणू नव्हता, पण येऊन गेल्याची खूण होती. मोठ्या माणसाचं शरीर बहुतेक वेळा त्याला हाकलून देतं, ती म्हणाली.

"म्हंजी प्रयागकडनंच आला असंल," चांगदेव म्हणाला.

"असेल. आणि गेला, हे चांगलं झालं."

चांगलंच झालं होतं. तरी पायऱ्या उतरताना त्याला वाटून गेलं, अंगानं तिचं तेवढंही ठेवून घेतलं नाही.

पायरीवर तेजस्विनी थांबली. "आबा, डाक्टर बोलती ते काय डोळ्यांनी दिसत न्हाई. माळ दिसती. काल डोक्यावर व्हती, आज कपाळावर आली. मी कुणाचं खरं मानू?"

दीड-दोन महिन्यांत बाळ येणार होतं आणि सुई टोचायची की नाही हे एका माळेवर येऊन ठेपलं होतं.

तेवढ्यात दुकानाच्या ओट्यावरून त्याला कुणी तरी "पावणं" म्हणून हाक मारली. चेतनाची आजी, उगमबाई. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि त्याच्याशी कुजबुजली.

"पोरीच्या डोक्यावर भागू म्हाराजांची माळ ना? चांगली आहे. आमच्या नातवाला, जिनेशला, बंगळूरला कावीळ झाली होती. तो काय येतोय? म्हाराजांनी फोटोवर घालायला माळ दिली. फोटोच्या खाली हातभर गेली बघा. पोरगा बरा झाला."

"उगमकाकी, जित्या माणसाच्या फोटोला हार?"

"म्हणून तर कपाटात ठेवलाय. चेतनाला सांगू नका."

वर्षभरात चांगदेव पहिल्यांदा हसला. हसताना त्याचं त्यालाच नवल वाटलं.

त्याच संध्याकाळी त्यानं आतली खोली उघडली. प्रयागची खोली. ती गेल्यापासून बंदच होती, पण आता बाळंतिणीला लागणार होती. आत अंधार. सवयीनं त्याचा हात दाराजवळच्या बटणाकडं गेला आणि कशात तरी गुंतला. त्यानं ओढला तर खुळखुळलं. दुसऱ्या हातानं चाचपून त्यानं दिवा लावला.

प्रयागची माळ होती. खरं तर ती नदीत सोडायची. पण दोऱ्यात तिचा एक पांढरा केस अडकला होता, आणि केसासकट सोडायला त्याचा हात धजला नव्हता. त्यानंच ती बटणाच्या वरच्या खिळ्याला टांगली होती आणि दाराला कडी घातली होती. तेव्हा ती बटणाच्या बरीच वर होती. हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण शेवटचा दिवा त्यानं तिच्याखालून हात घालून मालवला होता. आता ती बटण झाकून वीतभर खाली लोंबत होती.

चांगदेव माळेकडं बघत खाटेवर बसला. माणूस गेलं होतं. खोली बंद होती. माळ कुणाचा रोग खात होती?

मग त्यानं उठून तिच्यावरून बोट फिरवलं. केस होता तिथंच होता. काड्याही कुठं वाढल्या नव्हत्या. आल्या तेवढ्याच होत्या, नुसत्या वाळून उदबत्तीसारख्या झालेल्या. मधला दोरा तेवढा सुटला होता.

पुढच्या गुरुवारी तो एकटाच शेडवर गेला.

"आणखी एक माळ पायजे, म्हाराज. सयाजीसाठी."

"पेशंट कुठंय?"

"शेतातनं हलत न्हाई तो."

"लई अशक्तपणा दिसतोय. अंगानं कसा?"

"काडी झालीय नुसती. माझा शर्ट त्याला ढगळ व्हतो."

"घेऊन जा. डोक्यावर ठेवा, आन् हात लावू नका."

चांगदेवानं हात लावला नाही. सयाजीनंही लावला नाही, कारण त्याचे हात म्हणजे एक आडवा बांबू होता. सयाजी हे टोमॅटोच्या वावरातलं बुजगावणं. डोक्याला चुन्यानं नाकडोळे काढलेलं उपडं मडकं, अंगात चांगदेवाचा जुना शर्ट. त्याचं नाव प्रयागनंच ठेवलं होतं. खुरपताना ती त्याला विचारायची, "सयाजी, ऊन लागतंय का रं?" आणि चांगदेवाला सांगायची, "बघा, तुमच्यापेक्षा हा जास्त ऐकून घेतो."

मडक्यावर माळ पहिल्या दिवशी घट्ट बसली. मग मडक्याच्या नाकावर आली. मग गळ्यात पडली. रोज वावरात जाताना चांगदेव बघायचा आणि घरी काही बोलायचा नाही. गोरखला मात्र त्यानं सांगितलं, आणि पुढं एका गुरुवारी गोरखनं पिकअप काढला. पुढं तेजस्विनी आणि लंकाबाई बसल्या. मागं टोमॅटोच्या क्रेटांवर ताडपत्रीखाली सयाजी आडवा झाला होता. लंकाबाईला वाटलं, माल मार्केटला चाललाय.

शेड भरलेली होती. उगमबाईही आली होती, जिनेशचं लग्न जमावं म्हणून काही मिळतं का ते विचारायला. तेजस्विनीची माळ आता पोटावर आली होती. म्हाराज खूश होते.

"आन् आपला दुसरा पेशंट? सयाजी? माळ कुठवर आली?"

"कमरेपर्यंत," चांगदेव म्हणाला.

म्हाराजांनी माईक तोंडाशी नेला. "ऐका मंडळी. शेतातनं हलत नव्हता असा माणूस. महिना न्हाई झाला आन् माळ कमरेला. आजचा घाटाचा राजा हाच. भूक लागती का आता त्याला?"

"मागत न्हाई काही."

"झोप?"

"उभाच असतो."

"उभा ऱ्हातोय. बघा, आडवा पडलेला माणूस उभा ऱ्हायला लागला. आणलाय का त्याला? आणा की इकडं, नारळ द्यायचाय."

गोरख आणि चांगदेवानं सयाजीला उचलून आणलं आणि म्हाराजांसमोर उभं केलं. क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून कुणी तरी म्हणालं, "नारळ घ्यायला हात तर पुढं कर, राव," आणि शेड अशी हसली की पत्रे वाजले.

म्हाराज काही कच्चे नव्हते. बैल उधळला तरी बोलणं थांबवायचं नाही, हे ते माईकवर शिकलेले. "हसा, हसा. शर्ट कुणाचा हाय त्याच्या अंगात? चांगदेव, तुझाच ना? मग तुझ्या अंगातली कावीळ त्या शर्टातनं माळेनं ओढली. वाचलास तू. पाया पड."

हसू थांबलं. दोन-चार माना डोलल्या. लंकाबाईचीही डोलली. तेजस्विनी बापाकडं बघत होती.

चांगदेवानं पिशवीतून दुसरी माळ काढली. वाळलेली, करडी पडलेली. ती त्यानं गळ्यात घातली. ती त्याच्या गुडघ्यापर्यंत आली.

"ही प्रयागची," तो म्हणाला. त्याला माईक लागला नाही. "ती गेली तवा कमरेपर्यंत व्हती. आक्का, तूच म्हणली व्हतीस. मी नदीत सोडली न्हाई. तिच्या खोलीत खिळ्याला टांगली आन् कडी घातली. खिळ्याच्या अंगात माझा शर्ट नव्हता. तरी माळ वाढत गेली. ज्याच्यासाठी घातली ते माणूस ऱ्हायलं नव्हतं, तरी वाढत गेली. आता तुमीच सांगा म्हाराज, खिळ्याला कावीळ झाली व्हती का?"

कुणी हसलं नाही.

त्यानं म्हाराजांच्या टोपलीतून एक ताजी माळ उचलली आणि प्रयागच्या माळेशेजारी धरली. "ही वली काडी. फुगलेली. तिच्यावर दोऱ्याचा फास आवळलाय, म्हणून माळ आखूड. काडी वाळली की बारीक व्हती, फास सैल पडतो, आतला दोरा सुटतो. काडी वाढत न्हाई, दोन काड्यांमधली जागा वाढती. टोमॅटोवाल्या बायका हायेत हितं. वल्या काठ्यांवर आवळून मांडव बांधला तर काय व्हतं?"

"वाळल्यावर हालतो की," घाटघरच्या मावशीच म्हणाल्या, आणि गळ्यातली माळ त्यांनी हळूच काढून हातात घेतली.

"मग माणसं बरी व्हत्यात ती?" म्हाराज म्हणाले. आवाज आता माईकमधून आला, तरी बारीक वाटला.

"डाक्टरला इचारलंय मी. घाण पाण्यातनं जी कावीळ व्हती ती बहुतेकांची आपोआप उतरती. ती उतरली की नाव माळेचं. रक्तातनं येणारी ठाण मांडून बसती. ती न्हाई उतरली की शाप. दोन्हीकडनं नारळ तुमचाच, म्हाराज."

"मग आमच्या जिनेशच्या फोटोचं काय?" उगमबाईनं विचारलं.

"फोटोला कावीळ न्हाई, काकी."

"बरं. आजच काढते. पण चेतनाला सांगू नका."

आता मात्र शेड पुन्हा हसली, आणि या खेपेला म्हाराजांना बोलायला काही सुचलं नाही. सगळे उठून गेले असं नाही. पाच-सहा जण रांगेतच राहिले. इतक्या लांबून आलो तर माळ घेऊनच जाऊ, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण बाकीच्यांच्या मोटारसायकली सुरू झाल्या, आणि त्या दिवशी एसटी हॉर्न न वाजवता गेली.

तेजस्विनीनं पोटावरून माळ वर ओढली, डोक्यातून काढली आणि सयाजीच्या गळ्यात घातली. "याला दोन झेपत्यात," ती म्हणाली. "आबा, दवाखान्यात कवा जायचं?"

घरी पोचल्यावर लंकाबाईनं तेजस्विनीचं वेगळं ठेवलेलं ताट काढलं आणि खळखळून घासून बाकीच्या ताटांत घातलं. भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. दोन्ही टोचण्या चेतनानं आधीच सांगून ठेवल्या होत्या. मुलगी झाली. सिस्टर सुई घेऊन आली तेव्हा बाळ लंकाबाईच्या मांडीवर होतं. तिचा हात आपसूक बाळाच्या मांडीवर गेला. चांगदेव दारात उभा होता. लंकाबाईनं हात काढून घेतला.

"टोच बाई," ती म्हणाली. "पण हळू. माझ्या प्रयागची नात हाय."

बाळानं दवाखाना डोक्यावर घेतला. दुसऱ्या सुईला लंकाबाईच रडली.

पुढचे डोस वेळेवर झाले. वर्षाच्या आत चेतनानं मुलीचं रक्त तपासलं. त्यात विषाणू नव्हता. प्रयागच्या आईपासून प्रयागला, प्रयागपासून दोन्ही लेकरांना अशी वाट काढत आलेला तो पाहुणा या दारात अडला. गोरखचं औषध सुरू आहे, ते तो चुकवत नाही आणि दाढीचं ब्लेड कुणाला देत नाही. आतल्या खोलीतल्या खिळ्याला आता मुलीचं टोपडं असतं. प्रयागची माळ चांगदेवानं नदीत सोडली. केस तेवढा काढून ठेवला.

सयाजी वावराच्या कडेला, रस्त्यावरून दिसेल असा उभा आहे. त्याच्या दोन्ही माळा पायाशी आल्या आहेत. लोक गाडी थांबवतात आणि विचारतात, हा काय प्रकार? चांगदेव हातातलं काम ठेवून सांगतो. शेवटी दरवेळी एकच सांगतो.

"माळ वाढलेली दिसती म्हणून रोग घटला असं समजू नका. घरात एकाला ही कावीळ निघाली तर सगळ्या घराचं रक्त तपासा. न्हाई त्यांना लस द्या, हाय त्यांना औषधपाणी करा, आन् लेकरू जन्मलं की त्याच दिवशी टोचून घ्या. शाप म्हणलं की माणूस हात जोडून बसतो. रोग म्हणलं की उठून काही तरी करता येतं. आमाला हे कळायला एक माणूस द्यावं लागलं. तुमी फुकट घेऊन जा."

मग तो वाफ्यात उतरतो. जाता जाता सयाजीचा शर्ट नीट करतो आणि विचारतो, "ऊन लागतंय का रं?"